मोकळीचं टेकाड

चपला काढू नका. देवाच्या जागी आल्यासारखे सगळेच इथे पोचल्यावर वाकून चपला काढायला लागतात, म्हणून आधीच सांगतो. हे टेकाड खापरांचं आहे. वर माती दिसते ती जेमतेम वीतभर. तिच्याखाली खापरं, त्यांच्याखाली अजून जुनी खापरं. गवत उगवतं ते त्यांच्या फटींतून. गुरं इकडे फिरकत नाहीत, खूर कापतात. इथे देऊळ नाही, शेंदूर लावलेला दगडही नाही. तरी चैत्रात एक दिवस आमच्या करंजघळीतल्या झाडून साऱ्या बाया खांद्यावर भरली घागर घेऊन इथे चढतात. याला म्हणतात मोकळीचं टेकाड. खाली ओढ्याकाठी जी कौलं दिसतात ती मोकळ्यांची वस्ती. त्यांचं आडनावच मोकळे.

मी येदू कुंभार. ही हकीकत देशमुखांच्या घरी एका तऱ्हेनं सांगतात आणि मोकळ्यांच्या वस्तीवर दुसऱ्या. आम्ही कुंभार मधले. घागरी दोन्हीकडे आम्हीच देत आलो, त्यामुळे आमच्या कानावर दोन्हीकडचं आलं. मी सांगतो ते आमच्या घरातलं.

आधी त्या शब्दाचं सांगतो. तुमच्याकडे एखादीला कुणी मोकळी म्हटलं तर ते काही चांगल्या अर्थानं म्हणत नसतील. आमच्याकडेही मधे बराच काळ तसंच होतं. पण त्याच्याही आधी त्याचा अर्थ सरळ होता. माणसं विकली जात, लग्नात मुलीबरोबर आंदण म्हणून दिली जात, तो काळ. अशा बाईला कुणबीण म्हणत, बटीक म्हणत. धन्यानं तिला सोडलं की ती मोकळी, आणि गडी असला तर मोकळा. क्वचितच कुणी सोडत, म्हणून शब्दही क्वचितच ऐकू येई. आमच्या गावात तो पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला तो म्हाळसाबाई देशमुखांच्या तोंडून. आणि सांगतात, की तो त्यांनी पुण्य म्हणून उच्चारला नव्हता. मत्सरानं उच्चारला होता.

म्हाळसाबाई घाटापलीकडच्या जांभूळखोऱ्याची. लहानपणीच लग्न होऊन करंजघळीला आली, खेत्रोजी देशमुखांच्या घरात. बरोबर आंदणात तीन कुणबिणी आल्या. त्यांतली सगळ्यात लहान धुरपी, म्हाळसाबाईच्याच वयाची. कुठल्याशा दुष्काळात तिच्या चुलत्यानं तिला जांभूळखोऱ्याच्या बाजारात आणून विकलं होतं, तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. म्हाळसाबाईच्या आईनं तिला आपल्या ताटाशेजारी बसवून भाकरी खायला शिकवलं. दोघी मुली एकाच अंगणात वाढल्या. एकीच्या पायात वाळे होते आणि दुसरीच्या नव्हते, एवढाच फरक त्यांना तेव्हा कळत असावा. सासरी आल्यावर बाकी सगळं घर म्हाळसाबाईला वहिनीसाहेब म्हणायचं. धुरपी एकटी ताईसाहेब म्हणायची, माहेरी म्हणत तसं.

पुढे वर्षं गेली. खेत्रोजी एका स्वारीत मांडीला भाल्याची जखम घेऊन परतले. त्याच सुमाराला म्हाळसाबाई बाळंत झाल्या होत्या आणि बाळंतिणीच्या खोलीत होत्या. दुखणेकऱ्याकडे कोण बघणार? धुरपी बघायला लागली. जखम धुवायची, पाला वाटून बांधायचा, पेज भरवायची. खेत्रोजी तापात बरळत, शिव्या देत, आणि ही शांतपणे ओल्या फडक्यानं कपाळ पुसत राही.

म्हाळसाबाई बाळाला घेऊन खोलीबाहेर आल्या तेव्हा नवरा उठून बसायला लागला होता. त्यांनी हौसेनं जखमेचं फडकं बदलायला घेतलं. खेत्रोजींनी हात झटकला.

"तुझा हात जड आहे. धुरपीला बोलाव."

धुरपी आली. फडकं सोडता सोडता तिनं काहीतरी म्हटलं आणि देशमुख हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. म्हाळसाबाई दारात उभ्या होत्या. खांद्यावर झोपलेल्या बाळासकट तशाच उभ्या राहिल्या, म्हणे. धुरपी काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि तेच त्यांना जन्मभर सलत राहिलं.

त्या दोघांत काही होतं का? देशमुखांकडे विचाराल तर छे, म्हणतील. मोकळ्यांच्या वस्तीवर विचाराल तर म्हातारी माणसं गप्प बसतात. मी एवढंच सांगतो, की कुणबिणीला नाही म्हणायची सोय नव्हती. तेव्हा जे काही झालं असेल त्याला धुरपीची मर्जी म्हणता येणार नाही. पण मत्सराला हा हिशेब कुठला कळायला?

म्हाळसाबाईंना मग रोज नवं काहीतरी दिसायला लागलं. सासरे धुरपीच्याच हातचं ताक मागतात. थोरला मुलगा ठेच लागली की तिच्याकडे धावतो. घोड्याला दाणा तिनं घातला तरच तो खातो. वेणी घालताना आरशात आपल्या मागे तिचा चेहरा दिसला तरी म्हाळसाबाईंच्या हातातला कंगवा थांबायचा. पूर्वी त्या तिच्याशी जांभूळखोऱ्याच्या गोष्टी बोलायच्या. ते बंद झालं.

तिला विकून टाकावी तर नवरा सुखासुखी विकू देणार नाही, आणि विकलीच तरी माघारी आणेल. मारावी तर पाप. तेव्हा त्यांनी गावच्या जोशीबुवांना बोलावून घेतलं आणि जखमी धन्यासाठी नवस बोलायचा आहे म्हणाल्या. जोशीबुवांनी गोदान सांगितलं, अन्नदान सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "सगळ्यात मोठं पुण्य दास सोडण्याचं. पण ते कोण करतं?"

"मी करीन," म्हाळसाबाई म्हणाल्या.

धुरपी त्यांच्या आंदणातली, म्हणजे त्यांच्या मालकीची. सोडायचा हक्क त्यांचाच. आणि नवस धन्याच्या जिवासाठी, तेव्हा खुद्द धनी नाही म्हणू शकत नव्हता. जखम भरून आली आणि नवस फेडायचा दिवस ठरला. सारं गाव म्हाळसाबाईंना नावाजत होतं. आपली माहेरची कुणबीण सोडते, केवढं मन!

विधी जुना आहे. जिला सोडायचं तिच्या खांद्यावर पाण्यानं भरलेली घागर द्यायची. मालकानं ती स्वतःच्या हातानं उतरवून फोडायची. ओझं संपलं, असा त्याचा अर्थ. मग फुटक्या घागरीतलं उरलेलं पाणी अक्षता-फुलांसकट डोक्यावर शिंपडायचं आणि तीनदा म्हणायचं, तू मोकळी.

वेशीजवळ सगळे जमले. धुरपीला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. घागर खांद्यावर घेऊन ती नेहमीसारखी आली. म्हाळसाबाईंनी ती उतरवली आणि दगडावर आपटली. धुरपी दचकून मागे सरली. तिला वाटलं आपल्या हातून काही चूक झाली. म्हाळसाबाईंनी तीनदा शब्द उच्चारला.

धुरपीनं विचारलं, "मोकळी म्हणजे ताईसाहेब, आता मी कुणाची?"

"कुणाचीच नाहीस."

"मग राहू कुठं?"

"वेशीबाहेर कुठंही राहा. वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही, एवढं ध्यानात ठेव."

हे शेवटचं काही विधीत नव्हतं. जोशीबुवांनी मान खाली घातली. धुरपीला घर नव्हतं, गोत नव्हतं, आईबापांची नावंही ठाऊक नव्हती. सोडलं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी एवढंच कळलं, की संध्याकाळची भाकरी मिळणार नाही.

आमचा मूळपुरुष रावजी कुंभार. त्याची भट्टी वेशीबाहेर, या टेकाडाच्या पायथ्याशी होती. तेव्हा हे नुसतं उघडं टेकाड होतं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं. रावजीची बायको साळू हिनं धुरपीला ओढ्याकाठी बसलेली पाहिली आणि म्हणाली, "माती वाहशील का? जेवायला घालीन." अशी ती आमच्याकडे आली. टेकाडावर तिनं कुडाची खोपी बांधली. माती मळायला शिकली. थापी हातात घेऊन कच्च्या घागरीचं पोट ठोकून गोल करायला शिकली. साळू म्हणायची, हिचा हात हलका आहे.

गावात मात्र त्या शब्दाची वाट लागली. म्हाळसाबाईंनीच लावली. कुठली मुलगी मोठ्यानं हसली की त्या म्हणायच्या, "मोकळी झालीस का गं?" पदर सरकलेला दिसला, पाणवठ्यावर कुणी रेंगाळलेली दिसली, की तेच. देशमुखीण म्हणते म्हटल्यावर पाटलीण म्हणायला लागली, मग सगळ्या आया म्हणायला लागल्या. थोड्याच दिवसांत ती शिवी झाली. देशमुखांचा एक शिपाई तर टेकाडावर चढला आणि खोपीच्या दारात हसत म्हणाला, मोकळ्या बाईला कुणाची परवानगी लागते? धुरपीच्या हातात थापी होती. तिनं ती त्याच्या मनगटावर अशी हाणली, की त्याला महिनाभर तलवार धरता आली नाही. ती त्याला म्हणाली, "माझीच लागते."

हे सगळं खेत्रोजींच्या कानावर गेलं. बायकोचा नवस आपल्या जिवासाठी नव्हता हेही त्यांना एव्हाना उमगलं असावं. एका सकाळी ते घोड्यावरून टेकाडाशी आले. साळू भट्टीवर होती, तिनं सगळं ऐकलं. त्यामुळे आमच्या घरात हे बोलणं शब्दाला शब्द सांगतात.

"धुरपे, झालं ते झालं. घरी चल."

धुरपी माती मळत होती. तिनं हात थांबवले.

"नाही, सरकार."

"तुला बोलावतोय मी."

"ऐकलं. पण आता मला नाही म्हणता येतं."

खेत्रोजी घोड्यावर बसून राहिले. त्यांना राग आला होता असं साळूला वाटलं नाही. कुणीतरी आपली वस्तू हातातून काढून घ्यावी आणि ती कुठली हेच कळू नये, तसा चेहरा झाला होता म्हणे. मग त्यांनी घोडा वळवला.

देशमुखांच्या घराच्या माडीला या बाजूनं एक खिडकी आहे. ती अजून आहे, ती बघा, पिंपळाच्या उजवीकडे. म्हाळसाबाई त्या खिडकीत उभ्या होत्या. नवरा टेकाडाकडे गेलेला त्यांनी पाहिला आणि त्यांच्या जिवाचं पाणी झालं. तो एकटाच परत आला तेव्हा हायसं वाटलं. पण दुपारपर्यंत साळूचं ऐकून गावात गवगवा झाला आणि धुरपी काय म्हणाली ते त्यांना कळलं.

नाही, म्हणाली.

वास्तविक त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण सांगतात, की खरा मत्सर त्या दिवसापासून सुरू झाला. आधीचा होता तो नवऱ्यापायी. हा धुरपीचाच होता. त्या माणसाला मी आजवर कधी नाही म्हटलंय? लग्नाला हो म्हणायलाही मला कुणी विचारलं नव्हतं. आणि ही, माझ्या माहेरच्या बाजारात विकत घेतलेली, घोड्यावर बसलेल्या देशमुखाला मातीच्या हातांनी नाही म्हणते, आणि तो जातो!

त्या रोज खिडकीत बसायला लागल्या. धुरपी जेवण झालं की केस सोडून उन्हात बसायची. मनात आलं की ओढ्यावर जायची. साळूबरोबर डोक्यावर गाडगी घेऊन आठवड्याच्या बाजाराला जायची आणि वाटेत कशालातरी खिदळायची. म्हाळसाबाईंना वरून तिचं हसणं दिसायचं, ऐकू यायचं नाही. शेवटी एका दिवशी त्यांनी गडी पाठवले. भट्टीला लावायच्या आधी टेकाडावर वाळत घातलेली सगळी मडकी, आणि भाजून ठेवलेलाही सगळा माल त्यांनी काठ्यांनी फोडला. रावजी हात जोडत फिरत होता. धुरपी मधे पडली नाही. ती एका बाजूला उभी राहून खिडकीकडे बघत होती. या टेकाडातलं सगळ्यात खालचं खापर त्या दिवसाचं आहे, असं आमच्यात सांगतात.

पण रावजीनं तिला हाकललं नाही. साळूनं हाकलू दिलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जांभूळखोऱ्याहून निरोप आला, की म्हाळसाबाईंची आई अंथरुणाला खिळली आहे, लेकीचं नाव घेते आहे. म्हाळसाबाई नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. जांभूळखोरं फार लांब नाही. सकाळी निघालं तर दिवस मावळायला पोचता येतं.

खेत्रोजी म्हणाले, "देशमुखांच्या बायका अशा उठून माहेरी पळत नाहीत."

"आई जायला लागलीय."

"तुझ्या नवसानं माझ्या घरातलं एक माणूस वेशीबाहेर गेलं. आता तू घरातच राहा."

तेही सूडच घेत होते. म्हाळसाबाईंनी पाय धरले. सासऱ्यांकडून सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मग त्या खिडकीत जाऊन घाटाकडे तोंड करून बसल्या. आणि बसल्या बसल्या त्यांना दिसलं, की टेकाडावरून धुरपी उतरते आहे. हातात गाठोडं आहे. तिनं ओढा ओलांडला आणि घाटाची वाट धरली. जांभूळखोऱ्याची वाट.

निरोप्या वेशीवर पाणी प्यायला थांबला होता, त्याच्याकडून तिला कळलं होतं. तिनं कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं कुणाला? गाठोडं बांधलं आणि निघाली.

म्हाळसाबाईंनी खिडकीच्या गजावर कपाळ आपटून घेतलं, असं देशमुखांच्या घरात सांगतात. माझी आई. माझी! आणि भेटायला जाते कोण, तर मी हाकललेली बटीक. त्या दिवसांत त्यांनी अन्न घेतलं नाही. धुरपीच्या पायात काटा मोडावा, घाटात वाट चुकावी, आई बरी व्हावी पण धुरपीला दिसू नये, असलं सगळं त्यांनी देवापुढे मागितलं. पुढे म्हातारपणी त्यांनीच हे आपल्या सुनेला सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक.

काही दिवसांनी धुरपी परत आली. ती टेकाडाकडे गेली नाही. वेशीपाशी येऊन उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, आत जा की, देशमुखांकडे सांगायचं असेल तर. ती म्हणाली, "मला वेशीच्या आत यायचं नाही, असं ताईसाहेबांनी सांगितलंय. त्यांना म्हणावं, मी इथं आहे."

निरोप माडीवर गेला. म्हाळसाबाईंना कळायचं ते कळलं. त्या उठल्या. खाली आल्या, पाण्याच्या खोलीत गेल्या आणि भरलेली घागर उचलून खांद्यावर घेतली. का घेतली, ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. पाहुण्याला पाणी द्यायचं म्हणून, असं देशमुख म्हणतात. मोकळे म्हणतात, काय मागायचं ते त्यांना आधीच ठाऊक होतं. भर दुपारी, अनवाणी, डोक्यावरून पदर घसरलेला, खांद्यावरून पाणी हिंदकळतंय, अशी देशमुखीण दिंडीदरवाज्यातून बाहेर पडली. दारावरच्या पहारेकऱ्याला अडवायचं सुचलंच नाही. त्यानं त्यांना त्या उंबऱ्यापलीकडे पायी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीतली माणसं भिंतींना लागून उभी राहिली. त्या वेस ओलांडून धुरपीपुढे गेल्या.

"आई?"

"गेल्या," धुरपी म्हणाली.

"तू होतीस?"

"होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यांना. मला म्हणाल्या, म्हाळसे, आलीस? मी म्हटलं, आले, आई. मग त्यांनी माझा हात धरून ठेवला. शेवटपर्यंत."

म्हाळसाबाई एक पाऊल पुढे झाल्या. मग एकदम ओरडल्या, "माझं सगळं घेतलंस तू! नवरा घेतलास, पोरं घेतलीस, आता माझी आईसुद्धा माझ्या नावानं घेतलीस!"

धुरपीचाही आवाज चढला. तोवर कुणी तिला चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी घेतलं? मला तुमच्याबरोबर पाठवलं, तेव्हा तुम्ही पालखीत आईच्या नावानं रडत होता. मी मागून चालत होते. मला वाटायचं, हिला रडायला कुणाचं तरी नाव आहे. मला तेही नाही. तुमचा हेवा मी लहानपणापासून करत आले, ताईसाहेब. तुम्ही माझा आता करायला लागलात."

वेशीत माणसं गोळा झाली होती. म्हाळसाबाईंच्या खांद्यावर घागर तशीच होती, आणि खांदा थरथरत होता. त्यांना त्या वजनाची सवय नव्हती.

"धुरपे," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ही उतरव."

धुरपीनं ओळखलं. ती मागे सरली. "सोडायचं ते मालकानं. मी तुमची मालकीण नाही."

"माझा मालक सोडणार नाही. मग मी कुणाकडे जाऊ?"

फुटलेली मडकी धुरपीला आठवली असतील. वेशीवरचा तो दिवसही आठवला असेल. मग तिनं पुढे होऊन घागर उतरवली. त्या दोघी तिथून या टेकाडावर आल्या, गाव मागून आलं. मागच्या वर्षीच्या खापरांत उभं राहून धुरपीनं घागर आपटली. उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन म्हाळसाबाईंच्या डोक्यावर शिंपडलं. अक्षता नव्हत्या, फुलं नव्हती. आणि ती थांबली.

"शब्द तुम्ही म्हणा. मला तो तुम्ही दिलात, म्हणून मला तो कळायला फार वेळ लागला. तुमचा तुम्ही घ्या."

म्हाळसाबाईंनी तोंड उघडलं तर आवाज येईना. त्या शब्दाची त्यांनी स्वतः शिवी केली होती. आता साऱ्या गावासमोर तो स्वतःला लावून घ्यायचा होता. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा तो बाहेर आला.

"मी मोकळी."

तीनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा मोठ्यानं.

तिथूनच त्या जांभूळखोऱ्याला निघाल्या, पायी. आईचं दिवसकार्य व्हायचं होतं. खेत्रोजींनी मागून दोन स्वार पाठवले. ते घाटाच्या तोंडाशी गाठून म्हणाले, धन्यांनी परत बोलावलंय. म्हाळसाबाई म्हणाल्या, नाही. स्वारांना काय करावं कळेना. देशमुखिणीला हात कसा लावणार? ते परत आले.

कार्य उरकून म्हाळसाबाई आपल्या पोरांसाठी करंजघळीला परतल्या, आपल्या पायांनी. खेत्रोजी दारात उभे होते. सारं गाव बघत होतं. ते बाजूला झाले. पुढे त्यांनी बायकोला कुठे जातेस म्हणून विचारलं नाही, असं म्हणतात. विचारलं असेलही, पण उत्तराची वाट पाहिली नसेल. आंदणातल्या उरलेल्या दोघी कुणबिणींना म्हाळसाबाईंनी पुढच्याच चैत्रात या टेकाडावर आणून सोडलं, आणि वेशीच्या आत यायची बंदी उठवली. मग बघून बघून आसपासच्या घरांनीही काही सोडले. त्या सगळ्यांची ती खालची वस्ती. त्यांनी आडनाव दुसरं घेतलं नाही. शिवी होती तीच नावापुढे लावली, आणि म्हणता म्हणता ती शिवी राहिली नाही.

त्या दोघींची पुढे मैत्री झाली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. धुरपी टेकाडावर राहिली, घागरी घडवत म्हातारी झाली. म्हाळसाबाई माडीवरच्या खिडकीतून बघत राहिल्या. हेवा गेला नाही. पण दर चैत्रात त्या घागर घेऊन वर यायच्या, धुरपी ती उतरवून फोडायची, आणि दोघी काही न बोलता आपापल्या वाटेनं जायच्या. धुरपी गेली तेव्हा म्हाळसाबाईंनी तिचं सुतक पाळलं. नात्यातल्या माणसाचं पाळतात तसं. लोक कुजबुजले, पण विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

आजही चैत्रातल्या त्या दिवशी देशमुखांची सून येते, मोकळ्यांची येते, आमची येते, महारवाड्याचा आता बुद्धवाडा झालाय तिथल्याही येतात. रांग नसते, मान नसतो. पुरुषांनी वेशीत थांबायचं. शब्द ज्याचा त्यानं म्हणायचा, दुसऱ्यानं म्हणून चालत नाही. घागर मात्र दुसरीनं उतरवून फोडावी लागते, आणि ती दुसरी मैत्रीण असून भागत नाही. जिचा आपल्याला हेवा वाटतो तिलाच हाक मारायची. त्यामुळे त्या दिवशी कुणाच्या पोटात काय आहे ते साऱ्या गावाला कळतं. बाया लाजतात, रडतात, कधी कधी हसतातही. जिला हाक आली तिनं यायचंच, ना म्हणायचं नाही. हाक मारायला मात्र कुणावर सक्ती नाही.

माझ्या बायकोनं लग्न होऊन आल्यापासून दर साली आपल्या थोरल्या जावेला हाक मारली. जाऊ दिसायला देखणी, चाकावर हात बसलेला, माझी आई तिचंच ऐकायची. दोघी घरात एकमेकींशी धड बोलायच्या नाहीत, पण चैत्रात जाऊ यायची, घागर उतरवायची, फोडायची. परवाच्या थंडीत जाऊ गेली. यंदा चैत्रात माझी बायको भरली घागर घेऊन इथे आली, तुम्ही उभे आहात ना, तिथे. बराच वेळ सगळ्यांकडे बघत उभी राहिली. बायका म्हणाल्या, अगं, मार हाक कुणाला तरी. तिनं मान हलवली. घागर तशीच खांद्यावर ठेवून ती खाली उतरली आणि घरी घेऊन आली.

ती घागर आमच्या ओसरीवर आहे, बायको रोज भरते. चला, ऊन झालंय, तिच्यातलं पाणी प्या.